मूळ शीर्षकसंगीतासाठीचा प्राइमटाइम एमी पुरस्कार

अमेरिकेतील टेलिव्हिजन अकादमीतर्फे मालिकेच्या शीर्षकसंगीताच्या रचनाकारास दिला जाणारा पुरस्कार. पार्श्वसंगीताचे पुरस्कार वेगळे आहेत. रचना मालिकेसाठीच केलेली असावी लागते. त्यामुळे 'द सोप्रानोज'चे आधीच ध्वनिमुद्रित झालेले शीर्षकगीत कितीही गाजले तरी येथे पात्र ठरत नाही.

'मंक' या मालिकेचे उदाहरण विलक्षण आहे. जेफ बील यांच्या वाद्यरचनेस २००३ मध्ये हा पुरस्कार लाभला, तोवर ती मालिकेतून वगळलीही गेली होती! दुसऱ्या पर्वापासून तिच्या जागी रँडी न्यूमन यांचे गीत आले. जुन्या धूनचे चाहते नाराज झाले. २००४ चा पुरस्कार मात्र त्या गीतालाच मिळाला. रँडी यांचे चुलतभाऊ थॉमस न्यूमन 'सिक्स फीट अंडर'साठी २००२ चे मानकरी होते.

स्ट्रीमिंग सेवांवर नामावली एका कळीने ओलांडता येते. तरीही निकोलस ब्रिटेल यांचे 'सक्सेशन'चे (२०१९) शीर्षकसंगीत मालिकेबाहेरही आवर्जून ऐकले गेले.