इनहिबिनची कुळकथा

अंडाशयातली ग्रॅन्युलोसा पेशींची गाठ दुर्मीळ असते. अंडाशयाच्या कर्करोगांत तिचा वाटा शेकडा २ ते ५ एवढाच. पण ती संप्रेरकं बनवते, त्यामुळे गोळा हाताला लागण्याआधीच तिची चाहूल लागू शकते. गाठीतलं इस्ट्रोजेन गर्भाशयाचं अस्तर जाड करतं आणि पाळी जाऊन कित्येक वर्षं झालेल्या बाईच्या अंगावरून पुन्हा जाऊ लागतं. या गाठीच्या पाठपुराव्यात आज रक्तातलं इनहिबिन तपासतात. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या बायका कर्करोगाच्या उपचारांसाठी लोकलने ज्या परळला जातात, तिथेच या संप्रेरकाच्या शोधातलं एक प्रकरण घडलं. काम सारखं म्हणून कूळ एक ठरत नाही, हा त्याचा धडा तपासणीचा कागद वाचतानाही लागू पडतो.

१९३२ साली मॅक्युलाग यांनी बैलाच्या वृषणाचा पाण्यात उतरलेला अर्क खच्ची केलेल्या उंदरांना दिला, तेव्हा पियुषिका ग्रंथीत एरवी दिसणारे बदल झाले नाहीत. त्या अज्ञात पदार्थाला त्यांनी इनहिबिन म्हटलं. पुढे पन्नासेक वर्षं तो शुद्ध रूपात हाती आला नाही. पियुषिकेतून येणारं एफएसएच हे संप्रेरक कमी करणं, एवढ्या कामावरूनच त्याचा माग काढला जाई. १९७०च्या दशकात परळच्या प्रजनन संशोधन संस्थेत ए. आर. शेठ यांच्या गटाने माणसाच्या वीर्यद्रवातून तसंच काम करणारं पेप्टाइड वेगळं केलं. पुढे उलगडा झाला की ते प्रोस्टेट ग्रंथीचं, ९४ अमिनो आम्लांचं वेगळंच प्रथिन आहे. ते काम वाया गेलं नाही. प्रोस्टेट कर्करोगाच्या अभ्यासात त्याला जागा मिळाली. इनहिबिन मात्र १९८५ मध्ये गाई आणि डुकरांच्या अंडाशयातल्या पुटकद्रवातून, म्हणजे अंडं ज्यात वाढतं त्या पुटकातल्या द्रवातून, शुद्ध झालं. दोन साखळ्यांचं हे प्रथिन पुटकातल्या ग्रॅन्युलोसा पेशी बनवतात. त्याच पेशींच्या गाठीत ते वाढतं आणि गाठ उलटण्याची सूचना काही महिने आधी देऊ शकतं, हे १९८९ मध्ये नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी दाखवलं.

मग सरसकट सगळ्याच बायकांचं इनहिबिन का तपासू नये? कारण पाळी चालू असताना ते महिनाभर चढत-उतरत असतं आणि अंडाशयाच्या इतर काही गाठींतही वाढतं. पाळी गेल्यावर ते जवळजवळ नाहीसं होतं. त्यामुळे त्या वयात वाढलेला आकडा बोलका ठरतो. तरीही निदान पक्कं होतं ते ऊतकाच्या तपासणीतच. सूक्ष्मदर्शकाखाली पेशींची केंद्रकं कॉफीच्या बीसारखी मधोमध खाच असलेली दिसतात, आणि प्रौढ प्रकारच्या बहुतेक गाठींत फॉक्सएल-२ जनुकातला एकच ठरावीक बदल सापडतो, असं २००९ मध्ये कळलं. इतक्या दुर्मीळ गाठीची आठवण गल्लीतल्या डॉक्टरांनी का ठेवावी, असंही कुणी विचारेल. पण पाळी गेल्यावरचा रक्तस्राव दुर्मीळ नाही. कारण कोणतंही निघो, तपासणी लागतेच, आणि त्या तपासणीतल्या सोनोग्राफीत अंडाशयही नीट पाहिलं की काम भागतं. ही गाठ दहा-वीस वर्षांनीही उलटते. म्हणून शस्त्रक्रियेचा अहवाल, काचपट्ट्या आणि इनहिबिनचे जुने आकडे घरात जपून ठेवले पाहिजेत. नव्या आकड्याचा अर्थ त्यांच्याशी ताडूनच लागतो.