नौकांवरील खोल-विसर्जन घटमाला

नौकांवरील खोल-विसर्जन घटमाला : एंजिन बंद असताना नौकेतील दिवे, बिनतारी संदेशयंत्र, मार्गनिर्देशक उपकरणे, तळातील पाणी उपसणारा पंप, शीतकपाट इत्यादींना तासन्‌तास वीज पुरविणाऱ्या आणि पुन्हा पुन्हा विद्युत् भारित करता येणाऱ्या संचायक घटांच्या समूहास ही संज्ञा लावतात. एंजिन सुरू करणारी घटमाला काही सेकंद मोठा प्रवाह देते व लगेच पूर्ववत भरून निघते. तीत पातळ पट्ट्या अधिक संख्येने असतात. खोल विसर्जनासाठीच्या घटात मात्र पट्ट्या जाड व त्यांवरील लेप दाट असतो. पहिल्या प्रकारची घटमाला दुसऱ्या कामास लावल्यास तिचा लेप गळून ती लवकरच निकामी होते.

नौकेवर घटमालेची निवड केवळ साठवणक्षमतेवरून करता येत नाही. बंदिस्त जागा, खारे पाणी व किनाऱ्यापासूनचे अंतर यांमुळे घटमाला कोणत्या रीतीने निकामी होते, हा प्रश्न तितकाच महत्त्वाचा ठरतो. गेल्या सु. १४० वर्षांच्या इतिहासावरून ही गोष्ट स्पष्ट होते.

इतिहास : मोरिट्स हेर्मान फोन याकोबी (१८०१–७४) यांनी १८३८ मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथील नेव्हा नदीत विजेवर चालणारी नौका चालवून दाखविली. तीत प्राथमिक घट होते. त्यांतील जस्त खर्ची पडे व ते बदलावे लागे. त्यामुळे प्रयोग यशस्वी होऊनही तो व्यवहारात आला नाही. फ्रेंच भौतिकीविज्ञ गास्ताँ प्लांते (१८३४–८९) यांनी १८५९ मध्ये शिसे–अम्ल घट तयार केला आणि वापरलेला घट पुन्हा भारित करणे शक्य झाले. कामीय फॉर (१८४०–९८) यांनी शिशाच्या पट्ट्यांवर शिशाच्या ऑक्साइडाचा लेप देण्याची पद्धत १८८१ च्या सुमारास प्रचारात आणली. तिच्यामुळे क्षमता वाढली व घट बनविण्यास लागणारा काळ पुष्कळच कमी झाला. लेप जाळीदार पट्टीत बसविण्याची सुधारणा त्यानंतर लगेच झाली.

हे घट बसविलेली ‘इलेक्ट्रिसिटी’ ही लहान नौका सप्टेंबर १८८२ मध्ये लंडन येथे थेम्स नदीत चालविण्यात आली. तीत ४५ घट होते व ती सु. १२ उतारू नेऊ शके. पुढील काही वर्षांत थेम्सवर विद्युत् नौकांसाठी भारण केंद्रेही निघाली. शिकागो येथील १८९३ च्या जागतिक प्रदर्शनात अशा ५५ नौकांनी दहा लाखांहून अधिक लोकांची ने-आण केली. या नौका शांत पाण्यात व भारण केंद्राच्या आसपास फिरत असल्याने घट बिघडला, तरी जीवितास धोका नव्हता.

पाणबुडीत ही परिस्थिती पालटली. स्पेनच्या ईसाक पेराल यांची पाणबुडी १८८८ मध्ये पाण्यात सोडण्यात आली. तीत ६१३ घट होते. समुद्रात असताना ते भारित करण्याची सोय नसल्याने तिचा पल्ला मर्यादित राहिला. अमेरिकेच्या नौदलाने १९०० मध्ये घेतलेल्या ‘हॉलंड’ या पाणबुडीत पृष्ठभागावर पेट्रोल एंजिन व पाण्याखाली घटमाला अशी योजना होती. एंजिनाने भारण करावयाचे व पाण्याखाली दीर्घकाळ विसर्जन करावयाचे हा क्रम तेव्हापासून रूढ झाला. आजच्या शिडाच्या नौकेतील घटमालेचे कार्यही मूलतः असेच चालते.

धोके व त्यांची अदलाबदल : शिसे–अम्ल घटात समुद्राचे पाणी शिरल्यास विषारी क्लोरीन वायू निर्माण होतो. हा धोका टाळण्यासाठी टॉमस एडिसन (१८४७–१९३१) यांचा निकेल–लोह घट अमेरिकेच्या ‘ई–२’ या पाणबुडीत बसविण्यात आला. त्यात अम्लाऐवजी अल्कली असल्याने क्लोरिनाचे भय उरले नव्हते. तथापि १५ जानेवारी १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या नाविक गोदीत या पाणबुडीत साचलेल्या हायड्रोजन वायूचा स्फोट होऊन मनुष्यहानी झाली. एक धोका टाळताना दुसऱ्याकडे पुरेसे लक्ष गेले नव्हते. हवेत सु. ४ टक्के हायड्रोजन मिसळला, तरी ते मिश्रण ठिणगीने पेट घेऊ शकते. म्हणून उघड्या शिसे–अम्ल घटांसाठी लहान नौकेतही वायुवीजनाची सोय अत्यावश्यक असते.

अम्ल सांडू नये व पाणी घालावे लागू नये, यासाठी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दोन प्रकार पुढे आले. एकात सिलिका मिसळून अम्ल थिजविलेले असते, तर दुसऱ्यात ते सूक्ष्म काचतंतूंच्या चटईत शोषलेले असते. हे घट कलंडलेल्या नौकेतही सांडत नाहीत. मात्र अतिभारणाने त्यांतील पाणी झडपेवाटे निघून गेल्यास ते परत घालता येत नाही.

क्षमतेचे गणित : जर्मन शास्त्रज्ञ व्ही. पॉइकर्ट यांनी १८९७ मध्ये असे दाखविले की, प्रवाह जितका मोठा तितकी शिसे–अम्ल घटाकडून मिळणारी एकूण क्षमता कमी होते. २० तासांच्या विसर्जनावर १०० अँपिअर-तास क्षमता असलेला घट ५ अँपिअर प्रवाह २० तास देतो. परंतु २० अँपिअर प्रवाह तो ५ तास देऊ शकत नाही. शिवाय वारंवार निम्म्याहून अधिक विसर्जन केल्यास आयुष्य घटते. भारणाचा शेवटचा सु. पंचमांश भाग फार सावकाश भरतो. त्यासाठी समुद्रात तासन्‌तास एंजिन चालविणे परवडत नाही. परिणामी प्रवासात लिखित क्षमतेचा जेमतेम एक-तृतीयांश भागच हाती येतो. दिवसाला ८० अँपिअर-तास लागणाऱ्या नौकेस १०० अँपिअर-तासांची घटमाला पुरेशी वाटते, पण प्रत्यक्षात सु. २४० अँपिअर-तासांची लागते. अपुरी भारित घटमाला तशीच ठेवल्यास पट्ट्यांवर लेड सल्फेटाचे कठीण स्फटिक जमतात व तिची क्षमता कायमची उणावते.

लिथियम घट : लिथियम–लोह फॉस्फेट या पदार्थाचा घटातील उपयोग टेक्सस विद्यापीठातील जॉन गुडइनफ (१९२२–२०२३) व त्यांचे सहकारी यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केला. या घटाची सु. ८० टक्के क्षमता वापरता येते, तो जलद भारित होतो आणि त्याच क्षमतेच्या शिसे–अम्ल घटापेक्षा पुष्कळच हलका असतो. मात्र गोठणबिंदूखाली त्याचे भारण करता येत नाही. शिसे–अम्ल घटाचा दाब हळूहळू उतरतो, दिवे मंद होतात व नाविकास सूचना मिळते. लिथियम घटाचा दाब जवळजवळ अखेरपर्यंत स्थिर राहतो आणि मग संरक्षक मंडल तो एकाएकी तोडते. अशा वेळी दिवे व संदेशयंत्र एकदमच बंद पडतात. म्हणून संदेशयंत्रासाठी लहानशी स्वतंत्र घटमाला ठेवणे शहाणपणाचे ठरते.

मोठ्या जलयानांत हे तंत्र झपाट्याने पसरले. नॉर्वेतील ‘अँपिअर’ ही केवळ विजेवर चालणारी मोटारवाहू नौका २०१५ मध्ये आणि केरळमधील वैक्कम येथील ‘आदित्य’ ही सौर नौका २०१७ मध्ये सेवेत आली. ऑक्टोबर २०१९ मध्ये नॉर्वेतीलच एका नौकेच्या लिथियम-आयन घटांच्या कक्षास आग लागली. ती आटोक्यात आल्यानंतर दुसऱ्या दिवशी साचलेल्या वायूंचा स्फोट झाला. ‘ई–२’ च्या दुर्घटनेला तेव्हा शंभरावर वर्षे लोटली होती, पण बंदिस्त जागेतील वायूचा प्रश्न तोच होता.

जुना शिसे–अम्ल घट अद्याप मागे पडलेला नाही. मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेली व डिसेंबर २०१७ मध्ये नौदलात दाखल झालेली ‘कलवरी’ ही पाणबुडी प्रत्येकी ७५० किग्रॅ. वजनाचे ३६० घट वाहते. त्यांचे एकूण वजन २७० टन होते. किनाऱ्यावर जो भार अडचणीचा वाटतो तो तळाशी नीट बसविल्यास नौकेच्या स्थैर्यास उपकारकही ठरतो. प्रत्येक घटाचा दोष निराळा असतो. ज्या दोषाची चाहूल आधी लागते आणि जो खोल समुद्रात नाविकास स्वतः निस्तरता येतो, तो पत्करून केलेली निवडच योग्य होय.