चवळीचा वडा आणि साल्वादोर

ब्राझील म्हटलं की आपल्याला फुटबॉल, कॉफी आणि कार्निव्हल एवढंच आठवतं. २०१६ साली लेकीकडे साओ पावलोला गेले होते, तेव्हा आठवडाभर साल्वादोरला राहायचा योग आला. चर्च, किल्ले सगळं पाहिलं. पण शहर कळलं ते रस्त्यावरच्या एका वड्यामुळे.

वडा चक्क चवळीचा! नाव आकाराझे. चवळी भिजवायची, चोळून सालं काढायची, वाटायची, कांदा-मीठ घालून हलकी होईपर्यंत फेसायची आणि देंदे नावाच्या लालभडक पामतेलात तळायची. मग वडा मधे चिरून त्यात वातापा नावाचं दाटसर सारण, भेंडीचं कारुरु आणि आपल्या सोड्यांसारखी सुकी कोळंबी भरतात. सारणातही कोळंबी असतेच, त्यामुळे मी नुसता वडाच खाल्ला. विकणारी विचारते, "गरम की गार?" तिथे गरम म्हणजे तिखट घातलेला. साओ पावलोत राहूनही जावयांना हे ठाऊक नव्हतं. 'गरम' म्हणाले आणि पुढचा अर्धा तास कोणाशी बोलले नाहीत!

या विकणाऱ्या बायकांना बाइआना म्हणतात, म्हणजे बाइआ प्रांताची स्त्री. (आपल्या 'बाई'शी काही नातं नाही, पण कानाला गोड लागलं.) पांढरा घेरदार झगा, डोक्याला पांढरं फडकं, गळ्यात मण्यांच्या माळा. हा पोशाख पर्यटकांसाठी आहे असं वाटतं, पण त्यामागे मोठा इतिहास आहे.

पोर्तुगीजांनी १५४९ साली साल्वादोर वसवलं, १७६३ पर्यंत ती ब्राझीलची राजधानी होती. आफ्रिकेतून सुमारे ४८ लाख माणसं गुलाम म्हणून ब्राझीलमध्ये उतरवली गेली. दुसऱ्या कुठल्याही देशात एवढी नाहीत. पुढच्या काळात साल्वादोरला आलेल्यांत योरुबा लोक पुष्कळ होते. 'आकारा' हा त्यांचाच शब्द, 'झे' म्हणजे खाणे. नायजेरियात आजही हा वडा आकारा याच नावाने विकतात.

शहरातल्या मालकांनी एक पद्धत काढली होती. गुलाम बाईला पाटी देऊन रस्त्यावर पाठवायचं. ठरलेली रक्कम तिने मालकाच्या हातावर ठेवायची, वर काही उरलं तर ते तिचं. ठरलेली रक्कम कशीबशी जमायची, तिथे उरणार ते किती? पण त्या उरलेल्या पैशांतून साठवत साठवत काही बायकांनी स्वतःलाच विकत घेतलं. हो, मालकाला स्वतःची किंमत मोजून मुक्ततेचा कागद करून घेतला. कोणी मागाहून मुलालाही सोडवलं. इतकी वर्षं इतिहास शिकवला, पण वडे-खाऊ विकून आलेल्या पैशांनी सुटलेली माणसं आमच्या पाठ्यपुस्तकात कुठे नव्हती. आम्ही गुलामगिरी म्हटलं की लिंकनवर येऊन थांबायचो.

जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेत गुलामी नष्ट करणाऱ्या लोकांना अर्पण केलं. तेव्हा साल्वादोरला गुलामी चालूच होती. ब्राझीलमध्ये ती कायद्याने संपली १३ मे १८८८ रोजी. जमीन नाही, नुकसानभरपाई नाही, नुसतं 'जा'. पाटी डोक्यावर राहिलीच.

जाता जाता, वातापात काजू आणि नारळाचं दूधही असतं. काजू ब्राझीलचा, पोर्तुगीजांनी गोव्यात आणला. नारळ आणि फणस आपल्या समुद्राकडून तिकडे गेले. मिरचीसुद्धा त्याच खंडातून आपल्याकडे आलेली, तेव्हा जावयांनी तक्रार करायला जागा नव्हती!

२००५ साली बाइआनांच्या या व्यवसायाची ब्राझीलच्या राष्ट्रीय वारशात नोंद झाली. पण नोंद झाली म्हणून जागा मिळतेच असं नाही. २०१४ च्या विश्वचषकासाठी फुटबॉल महासंघाच्या नियमांनुसार मैदानाजवळ फक्त ठरलेल्या कंपन्यांनीच खाद्यपदार्थ विकायचे होते. त्यांच्याच गावात बाइआनांना मज्जाव! बायका हटल्या नाहीत. अर्ज केले, सह्या गोळा केल्या, आणि २०१३ च्या आधीच्या स्पर्धेतच काही जणींना मैदानाच्या आवारात बसू द्यावं लागलं.

दुसरा वाद घरातलाच आहे. आकाराझे हा कांदोंब्ले धर्मात वादळाची देवता इयान्सां हिचा नैवेद्य. आता नव्या ख्रिस्ती पंथांत गेलेल्या काही बायका तोच वडा 'येशूचा वडा' म्हणून विकतात, देवतेचं नाव घेत नाहीत. जुन्या बाइआनांना हे फार लागतं. पोट दोघींनाही आहे, हे मला कळतं. तरी ज्या नावाने आज्या-पणज्यांनी मार खाऊनही तो वडा तळला, ते नाव पुसायला माझं मन घेत नाही.

आम्ही घेतले त्या बाईंकडे सकाळचे पहिले छोटे वडे वेगळे काढून ठेवलेले होते. ते विकायचे नसतात.