काळोखांतील माणूस

खून, लोभ आणि कपट यांनीं भरलेले चित्रपट तरुणांची मनें बिघडवितात, अशी तक्रार आम्ही अनेक सुशिक्षित घरांत ऐकतों. परंतु त्यांची परीक्षा करतांना आधीं एकच गोष्ट पाहावी: हातून पाप घडल्यावर माणसाचें मन कोणत्या वाटेनें जातें, हें त्यांत दिसतें कीं नाहीं? पुण्याच्या एकाच आवाराशीं नातें असलेल्या दोन चित्रपटांनीं याचीं दोन निराळीं उत्तरें दिलीं आहेत.

'प्रभात' कंपनी १९३३ सालीं कोल्हापुराहून पुण्यास आली. तेथें १९३९ मध्यें शांतारामबापूंनीं 'माणूस' काढला. अमेरिकन गुन्हेपटांस 'फिल्म न्वार' हें नांव नीनो फ्रँक या फ्रेंच टीकाकारानें १९४६ सालीं दिलें; अंधारलेल्या गल्ल्या आणि दुभंगलेलीं मनें आमच्या पडद्यावर त्यापूर्वींच आलीं होतीं. गणपत शिपाई वेश्यावस्तींतील मैनेला वांचवितो व तिच्यावर जीव लावतो. तो तिला घरीं नेतो. पण त्याच्या देवभोळ्या आईसमोर राहण्याचें धैर्य तिला होत नाहीं. पुढें तिच्या हातून दुष्ट मामाचा खून होतो. गणपत तिला सोडविण्यास सिद्ध होतो, तरी ती तुरुंगच पत्करते.

प्रभातच्या त्याच जागेंत १९६० सालीं सरकारी फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. तिचे विद्यार्थी श्रीराम राघवन यांचा 'अंधाधुन' (२०१८) हा त्या काळोख्या परंपरेचा नवा वारस पुण्यांतच घडतो. पियानोवादक आकाश डोळस असून आंधळ्याचें सोंग घेतो. कारण सांगतो संगीताच्या एकाग्रतेचें. एके घरीं प्रेत पाहूनही तो वाजवीतच राहतो. चौकीवर जावें, तर तेथील अधिकारीच खुनांत सामील! येथवर त्याचें मौन भयाचें असतें. पुढें मात्र पैसा व दृष्टि यांचा मोह त्यांत मिसळतो. अखेरीस तो आपली हकीकत सांगतो, आणि वाटेवरचा डबा काठीनें अचूक उडवून त्या हकीकतीलाच संशयित ठरवितो.

मैनेला कोणापुढें तरी लाज वाटते. आकाशला आपणांस कोणी पाहत नाहीं असा भरंवसा असतो. दोघांतील खरें अंतर आमच्या मतें एवढेंच आहे. मैनेसाठीं प्रेक्षक हळहळतो, तरी स्वतः निर्दोष राहतो. आकाश निसटावा असें मनांत येतांच मात्र तोही त्याच्या असत्यांत वांटेकरी होतो. ही ओळख अप्रिय खरी. पण ती करून देणारा चित्रपट मुलांपासून लपविण्यापेक्षां त्यांच्या शेजारीं बसून पाहावा व मग त्याविषयीं बोलावें, हें अधिक हितावह होय.