मत्स्यपालन : अल्पमुदतीचे कर्ज आणि नफ्याचे गणित
रायपूर : मत्स्यपालनाला शेतीचा दर्जा देण्याचा निर्णय छत्तीसगड मंत्रिमंडळाने जुलै २०२१ मध्ये घेतला आणि मत्स्यपालकांना बिनव्याजी कर्जाचा मार्ग खुला झाला. किसान क्रेडिट कार्डाची सुविधा केंद्र सरकारने २०१८-१९ मध्येच या व्यवसायाला लागू केली होती.

रोहू, कटला, मृगळ यांचे बीज पावसाळ्यात तळ्यात सोडले जाते. खाद्याचा खर्च मात्र मासे विक्रीयोग्य होईपर्यंत सुरूच राहतो. हाती भांडवल असल्यास बीज व खाद्य वेळेवर मिळून उत्पादन वाढते. व्यापाऱ्याकडून उचल घेतलेल्या मत्स्यपालकाला मात्र अनेकदा त्याच्याच दराने मासळी विकावी लागते. त्यामुळे कर्ज बीज सोडण्यापूर्वी मिळणे आणि परतफेड विक्रीनंतर असणे नफ्यासाठी महत्त्वाचे ठरते.