टायर तापमान-निदान

मोटारगाडी वेगाने चालविल्यानंतर तिच्या टायरांच्या रुंदीवरील निरनिराळ्या ठिकाणांची तापमाने मोजून, त्यांतील फरकांवरून हवेचा दाब, चाकांची मांडणी व निलंबन योजना यांतील दोष ओळखण्याच्या पद्धतीस टायर तापमान-निदान म्हणतात. शर्यतीच्या व स्पोर्ट्‌स मोटारगाड्यांच्या जुळणीसाठी ही पद्धत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाली.

उष्णतेचे मूळ : चाक फिरताना टायरचा प्रत्येक भाग रस्त्याला टेकला की दबतो व सुटला की पूर्ववत होतो. दबताना रबरात साठलेली सर्व ऊर्जा परत मिळत नाही. तिचा काही अंश उष्णतेत रूपांतरित होतो. या गुणधर्माला मंदायन म्हणतात. वळणावर व ब्रेक लावताना होणाऱ्या घसरणीमुळे या उष्णतेत भर पडते. अर्थात ज्या भागावर भार अधिक वा घसरण अधिक, तो भाग अधिक तापतो. असमान तापमान ही असमान कामाची खूण ठरते, ती यामुळेच.

ऐतिहासिक आढावा : चार्ल्स गुडइयर यांनी १८३९ मध्ये रबराच्या व्हल्कनीकरणाचा शोध लावला. रॉबर्ट विल्यम टॉमसन यांनी १८४५ मध्ये हवाभरित टायरचे एकस्व मिळविले. पण त्याचा प्रसार जॉन बॉइड डनलॉप यांच्या १८८८ मधील टायरपासून झाला. १८९५ च्या पॅरिस–बोर्दो–पॅरिस शर्यतीत मिशलँ बंधूंनी हवाभरित टायर बसविलेली मोटारगाडी उतरविली. त्या काळातील टायर अरुंद व गोलसर छेदाचे असत. रस्त्याला त्यांची मधली चिंचोळी पट्टीच टेकत असल्याने रुंदीवरील तापमानांच्या तुलनेला फारसा अर्थ नव्हता. टायर टिकतो की फुटतो, हाच खरा प्रश्न होता.

१९६० नंतरच्या दशकात शर्यतीचे टायर झपाट्याने रुंद व सपाट होत गेले. १९७१ च्या स्पॅनिश ग्रां प्री शर्यतीत फायरस्टोन कंपनीने फॉर्म्युला वन मध्ये खाचा नसलेले गुळगुळीत टायर आणले. रुंद व सपाट टायर किंचित कलला, तरी सारा भार एका कडेवर जातो. त्यामुळे दोन कडांच्या तापमानांतील फरक बोलका झाला. फोर्ड जीटी४० मोटारगाड्यांच्या शर्यतकार्यात सहभागी असलेले अमेरिकन अभियंते कॅरोल स्मिथ यांनी ट्यून टू विन (१९७८) या ग्रंथात या विषयाचे विवेचन केले आहे.

मापन : टोमास झेबेक यांनी १८२१ मध्ये शोधलेल्या तापविद्युत्‌ परिणामावर आधारलेले तपयुग्म या कामी वापरतात. त्याची सुई रबरात काही मिमी. खोल खुपसतात, कारण रबर उष्णतेचे मंद वाहक असल्याने पृष्ठभाग लवकर निवतो, मात्र आतील थर उष्णता धरून राहतो. प्रत्येक टायरच्या आतील कडेला, मध्यभागी व बाहेरील कडेला, अशी चार चाकांची एकूण बारा मापने घेतात. मापनापूर्वी गाडी सावकाश फिरविल्यास फरक बुजतात. म्हणून पूर्ण वेगाच्या फेऱ्यांनंतर गाडी थांबताच, ठरलेल्या क्रमाने व त्वरेने मापन करणे आवश्यक असते.

निदान : मध्यभाग दोन्ही कडांपेक्षा तप्त असल्यास हवेचा दाब जास्त, तर दोन्ही कडा मध्यापेक्षा तप्त असल्यास तो कमी असल्याचे समजतात. चाकाच्या उभ्या रेषेपासूनच्या कलाला कँबर म्हणतात. चाकाचा माथा गाडीकडे अतिरिक्त झुकलेला असल्यास आतील कड तापते. झुकाव अपुरा असल्यास वळणावर बाहेरील कड तापते. सरळ रस्त्यावर झुकलेले चाक आतील कडेवरच धावत असल्याने ती कड काहीशी अधिक तप्त असणे हा दोष नव्हे. पुढची दोन्ही चाके समोर बाहेरच्या दिशेस वळलेली असली, तरीही आतील कडा तापतात. अशा वेळी झिजेचे स्वरूप पाहून कारण ठरवावे लागते. पुढील जोडी मागील जोडीपेक्षा बरीच तप्त असल्यास गाडीचा पुढचा भाग वळणावर बाहेर घसरत असण्याचा संभव असतो. मार्ग घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने असल्यास डावी चाके अधिक तापणे स्वाभाविक असते.

मर्यादा व महत्त्व : थांबलेल्या गाडीवरील मापन हे झालेल्या कामाचा अवशेष असते. त्यावर शेवटच्या वळणाचा व ब्रेकचा प्रभाव अधिक पडतो आणि मार्गावरील क्षणिक उच्च तापमाने त्यात दिसत नाहीत. धावत्या गाडीवरील अवरक्त संवेदकांनी ही उणीव बरीच भरून काढली आहे. तथापि बारा आकडे समान करणे हे साध्य नव्हे. गाडीची पकड व टायरची सुरक्षितता यांचे ते साधन होय.

२०१३ च्या ब्रिटिश ग्रां प्री शर्यतीत सिल्व्हरस्टोन येथे अनेक मोटारगाड्यांचे टायर फुटले. मागील टायर उलट बाजूंना बसविणे, कमी दाब, अतिरिक्त कँबर व मार्गाचे उंच काठ ही कारणे पिरेली कंपनीने नमूद केली. त्यानंतर किमान दाब व कमाल कँबर यांच्या मर्यादा सक्तीच्या करण्यात आल्या. सामान्य वाहनांनाही हे तत्त्व लागू पडते. ऑगस्ट २००० मध्ये अमेरिकेत फायरस्टोन कंपनीने सु. ६५ लाख टायर परत मागविले. त्यांचा धावपट्टा सुटून अनेक प्राणघातक अपघात झाले होते व त्यांत मुख्यत्वे फोर्ड एक्स्प्लोरर गाड्या होत्या. टायरच्या रचनेबरोबरच कमी दाब व उष्ण हवामान यांचीही चर्चा तेव्हा झाली. त्याच वर्षीच्या कायद्यानुसार तेथे नव्या हलक्या वाहनांत दाब-दर्शक यंत्रणा २००७ पर्यंत टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली. कमी दाबाचा टायर अधिक दबतो, म्हणून अधिक तापतो आणि तापलेल्या टायरचे थर सुटू लागतात. शर्यतमार्गावर ज्याची किंमत सेकंदांत मोजली जाते, तोच दोष रस्त्यावर जिवावर बेततो.