टाचेचा अधिकार

घोड्याला वेग द्यायचा तर आपण त्याला ‘टाच मारतो’. मराठीतला हा साधा वाक्प्रचार पादत्राणांच्या इतिहासातील एका विसरलेल्या नात्याची आठवण करून देतो. उंच टाचेचा बूट स्त्रीच्या शृंगारासाठी जन्माला आला नाही. तो जन्मला घोड्याच्या पाठीवर, पुरुषाच्या पायात. इराणी घोडेस्वार रिकिबीत उभे राहून बाण सोडत, तेव्हा पाय निसटू नये म्हणून बुटाला टाच असे. १५९९ साली शाह अब्बास पहिला याचे शिष्टमंडळ युरोपच्या दरबारांकडे निघाले. त्यानंतर इराणी वेशभूषेचे कुतूहल तिकडे वाढले आणि टाचही युरोपीय सरदारांच्या पायांत आली. स्त्रियांनी ती पुढे, सुमारे १६३० च्या दशकात, उचलली; आणि उचलली ती पुरुषी ठसका म्हणून! टोरांटोच्या बाटा शू म्युझियमने २०१५ मध्ये पुरुषांच्या टाचांवर एक स्वतंत्र प्रदर्शनच भरवले होते. तेथील अभ्यासक एलिझाबेथ सेमेलहॅक यांनी हा प्रवास तपशिलाने मांडला आहे.

युरोपात आल्यावर मात्र टाचेचे काम बदलले. ज्याला घोड्यावर बसायचे नाही, शेतात राबायचे नाही, चिखलातून चालायचे नाही, त्याच्याच पायात ती शोभू लागली. निरुपयोग हाच तिचा दिमाख झाला. फ्रान्सच्या चौदाव्या लुईने लाल टाच दरबारातील निवडक मंडळींपुरती राखून ठेवली. हयासिंथ रिगो याने १७०१ मध्ये काढलेल्या त्याच्या प्रसिद्ध चित्रात राजाचे राजवस्त्र मुद्दाम बाजूला सारलेले आहे, पोटऱ्या पुढे आल्या आहेत आणि पांढऱ्या जोड्यांखाली लाल टाचा झळकत आहेत. त्या काळी कुणाला त्यात बायकीपणा दिसला नाही. दिसली ती सत्ता.

पादत्राण आणि सत्ता यांचे नाते आपल्याला परके नाही. ‘पायातली वहाण पायातच बरी’ म्हणणाऱ्या समाजाने वहाण कुणाच्या पायात असावी हेही ठरवून टाकले होते. वरच्या जातीच्या माणसासमोरून जाताना चपला हातात घेऊन चालावे लागणाऱ्यांच्या आठवणी दलित आत्मकथनांत विखुरलेल्या आहेत. दुसऱ्या टोकाला पादुका. लाकडी खडावा म्हणजे जमिनीपासून पाय उचलणारे, खुंट्यांवर तोललेले, पुरुषांचे उंच पादत्राणच. ते साधूच्या पायात पूज्य ठरले आणि भरताच्या हातून थेट सिंहासनावर गेले. उंचीला इथे पावित्र्याचा आधार होता, म्हणून हसण्याचा प्रश्नच आला नाही.

अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपीय पुरुषाने टाच सोडली. विवेक, उपयुक्तता आणि काम हे पुरुषाचे गुण ठरले; नटणेमुरडणे स्त्रीच्या वाट्याला आले. जे. सी. फ्लूगेल या मानसशास्त्रज्ञाने १९३० मध्ये या घडामोडीला पुरुषांचा महान संन्यास अशा अर्थाचे नाव दिले. वसाहतीच्या वाटेने हा संन्यास आपल्याकडेही पोचला. पेशवाईतील पुरुषांची चित्रे पाहावीत: कानात भिकबाळी, गळ्यात मोत्यांचे कंठे, अंगावर जरीचा शेला. त्यांचेच नातू-पणतू कचेरीत जाऊ लागले ते काळा कोट घालून. आणि शे-दीडशे वर्षांत आपण असे समजू लागलो की पुरुषाने नटू नये ही आपली सनातन रीत आहे.

ती तशी नाही, याचा पुरावा पाहायचा तर काठीला जावे. नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यातले, सातपुड्याच्या कुशीतले हे गाव पूर्वी पश्चिम खानदेशातील मेहवासी संस्थानांपैकी एक होते. तिथली राजवाडी होळी प्रसिद्ध आहे. तिची परंपरा १२४६ पासूनची असल्याचे सांगितले जाते. फाल्गुनी पौर्णिमेला रात्रभर ढोल घुमतो आणि होळी पेटते ती पहाटे. त्या रात्री पुरुष जे नटतात ते पाहण्यासारखे असते: अंगभर पांढरी नक्षी, डोक्यावर मोरपिसांचे उंच टोप, कमरेला घुंगरू आणि वाळलेले भोपळे. नाचणाऱ्यांत स्त्रीवेश घेतलेले पुरुषही असतात. कुणी त्यांना खुळे म्हणत नाही. कारण या नटण्यामागे नवस आहे, पालनी आहे. नवस बोललेला माणूस खाटेवर झोपत नाही, ब्रह्मचर्य पाळतो. त्याचा शृंगार हे त्याच्या व्रताचेच अंग असते.

इथे थोडे थांबले पाहिजे. काठीचे उदाहरण देऊन ‘पाहा, आपल्याकडे हे सारे होतेच’ असे म्हणणे सोपे आहे, पण अपुरे आहे. लुईच्या टाचेमागे राजाज्ञा होती, काठीच्या टोपामागे नवस आहे. बालगंधर्वांच्या शालूमागे रंगभूमी होती. त्यांच्या नेसण्याचे आणि केशरचनेचे अनुकरण घरंदाज स्त्रियांनी केले, पण तो वेश पडद्यापुढचा होता. पुरुषाचे नटणे समाजाने स्वीकारले ते नेहमी कुणाच्या तरी हवाल्यावर: राजाच्या, देवाच्या, कलेच्या. हवाला नसलेला, केवळ ‘मला आवडते’ म्हणून नटलेला पुरुष मात्र हास्यास्पद ठरला.

विसाव्या शतकातही टाच परतली ती अशाच हवाल्यांवर. साठच्या दशकात बीटल्सच्या बुटांना टाच होती, सत्तरच्या दशकात डेव्हिड बोवी आणि एल्टन जॉन जाड तळव्यांवर उभे राहिले, आपल्याकडे बेलबॉटमखाली तसेच जोडे आले. पुढे प्रिन्सने तर उंच टाच ही स्वतःची ओळखच केली. हे सारे मंचावरचे लोक. सामान्य पुरुष टाच घालत होताच, पण नाव न घेता. कचेरीतल्या काळ्या बुटालाही बोटभर टाच असते; उंची वाढवणारे छुपे तळवेही विकले जातात. टाच चालते, ती दिसलेली चालत नाही!

आज दाखवण्यासाठी घातलेली टाच फॅशनच्या मंचांवर पुन्हा आली आहे, आणि काही शहरांत रस्त्यावरही. तिच्याकडे पाहून ‘काय हे नवे फॅड’ म्हणणारे इतिहास विसरतात. पण ‘हे तर जुनेच’ म्हणणारेही अर्धेच सांगतात. टाच जुनी आहे. नवे आहे ते तिच्या मागे कुणीही उभे नसणे. काठीचा नाचणारा आपल्या गावाच्या साक्षीने नटतो, पहाटे होळी पेटेपर्यंत सारा गाव त्याच्याबरोबर जागा असतो. शहरातल्या एखाद्या मुलाने उंच टाचेचा बूट घालून रेल्वेच्या फलाटावर पाय ठेवला, तर त्याच्यासाठी कोण जागे असते?

काठीच्या होळीची छायाचित्रे आपण कौतुकाने पाहतो आणि फलाटावरच्या मुलाकडे बघून एकमेकांना कोपराने ढोसतो. एकाला संस्कृती म्हणायचे आणि दुसऱ्याला विकृती, हा भेद टाचेत किंवा मोरपिसात नाही. तो आपण माणसाकडे मागत असलेल्या परवान्यात आहे. स्वीकार वाढला असे म्हणायचे असेल, तर तो मोजायचा एवढ्याच गोष्टीवर: त्या मुलाला परवाना न दाखवता पुढे जाता आले का?